वर्गात गप्प बसणे म्हणजे शिस्त नव्हे

जूनच्या मध्यावर कोकणातल्या शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पाऊसही जोर धरतो. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पोफळीत तर तो थांबायचे नाव घेत नाही. वह्यांना कव्हरे घाला, दप्तराला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, आखूड झालेल्या गणवेशाची शिवण सोडा, अशी घराघरांत धांदल उडते. या धांदलीत आई-वडील मुलाला एकच बजावतात, ‘वर्गात गप्प बस.’ हा उपदेश अर्धाच आहे, असे आम्हांला वाटते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. पटावरचा क्रमांक होता १९१४. हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. शिपायाने वरून ओतले तरच त्याला पाणी मिळे. तोच मुलगा पुढे कोलंबिया आणि लंडनपर्यंत शिकला. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या वाडवडिलांवर गप्प बसण्याची सक्ती होती. तीच सक्ती आपण आपल्या मुलांवर का करावी?

मग शिस्त म्हणजे काय? पोफळीकरांना ते सांगायला लांब जायला नको. कोयनेचे पाणी मुळात पूर्वेकडे कृष्णेला मिळणारे. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवले आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात १९६२ पासून वीज निर्माण होऊ लागली. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता ६०० मेगावॉट आहे. पाणी नुसते अडवून ठेवले असते तर दिवा लागला नसता. मुलाची बडबड, त्याचे कुतूहल यांनाही अशीच वाट करून द्यायची असते.

म्हणून मुलांनो, घंटेच्या आधी वर्गात पोहोचा. बाई शिकवत असताना त्यांच्याकडे पाहा, शेजाऱ्याशी गप्पा नकोत. समजले नाही तर हात वर करा आणि विचारा. त्यात लाज कसली? दुसरा बोलत असेल तर त्याला पुरे बोलू द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला हसू नका, मदत करा. कुणाला जातीवरून, रंगावरून, फाटक्या चपलेवरून चिडवू नका. वही बघून उतरवण्यापेक्षा चुकलेले गणित बरे, कारण ते निदान आपले असते.

आता पालकांसाठी दोन शब्द. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातील कलम १७ नुसार मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यास मनाई आहे. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असेही हा कायदा सांगतो. तेव्हा मजुरीचा अर्धा दिवस बुडाला तरी पालकसभेला जा. मुलाने तक्रार केली तर आधी त्याचे पूर्ण ऐका, मग शिक्षकांना शांतपणे भेटा. मुलाची चूक असेल तर त्याला ती कबूल करायला लावा. अपमान झाला असेल तर मात्र लेखी अर्ज द्या.

आणि संध्याकाळी मूल घरी आले की ‘गप्प बसलास ना?’ असे विचारू नका. ‘आज काय विचारलेस?’ असे विचारा.