न झालेल्या अपघाताचे गिऱ्हाईक

2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात एकामागून एक माणसे दाखल होऊ लागली. कुणाला धड दिसत नव्हते, कुणाला उलट्या थांबत नव्हत्या, कुणाला श्वास पुरत नव्हता. सगळे कपाशीवर फवारणी करून आलेले. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली, बोंडअळीचा जोर, दमट हवा आणि पाठीवरच्या पंपातून निघणारा बारीक तुषार. औषध पिकाइतकेच अंगावर बसत होते. पुढे कंपन्या, दुकानदार, बियाणे या सगळ्यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ‘मास्क का घातला नाही’ हा प्रश्न मात्र फिरून फिरून मजुरालाच विचारला गेला.

फवारणाऱ्याच्या अंगावर साधारणपणे घरातला सर्वांत जुना शर्ट असतो. सुती कापड द्रव शोषून घेते आणि कातडीला चिकटवून ठेवते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके नाकातोंडावाटे जशी शरीरात जातात तशीच त्वचेतूनही जातात, त्यामुळे भिजलेला शर्ट विषाचा वाहक ठरतो. रबरी कपडे आणि पूर्ण मुखवटा हा पुस्तकी उपाय खरा, पण तो घालून विदर्भातल्या ऑक्टोबरच्या उन्हात सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन चालायचे म्हटले तर माणूस विषाआधी उष्माघाताने पडेल. सल्ला देणाऱ्याने एकदा तो वेश चढवून दोन तास फवारणी करून पाहावी.

विष करते काय? मज्जातंतूकडून स्नायूला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. निरोप पोचला की ॲसिटिलकोलीनएस्टरेज नावाचे विकर ते रसायन लगेच तोडून टाकते आणि स्नायू सैल पडतो. ऑर्गॅनोफॉस्फेटचा रेणू नेमका या विकराला जाऊन चिकटतो. मग चालू केलेला नळ बंदच होत नाही अशी गत होते: लाळ, घाम, डोळ्यांतले पाणी वाहत राहते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रुग्णालयात ॲट्रोपिनबरोबर प्रालिडॉक्झाइम दिले जाते. त्यातला ‘ऑक्झाइम’ हा भाग विकराला चिकटलेल्या फॉस्फरसवर हल्ला करतो आणि विकराला सोडवतो, अर्थात वेळेत दिले तर.

बंगळूरच्या ‘इनस्टेम’ या संस्थेतले प्रवीण कुमार वेमुला आणि त्यांचे सहकारी यांनी हीच क्रिया शरीराबाहेर आणायचे ठरवले. विष आत गेल्यावर सोडवणूक करण्यापेक्षा कातडीच्या उंबऱ्यावरच त्याचे तुकडे का करू नयेत? आधी त्यांनी कायटोसानपासून अंगाला लावायचे ऑक्झाइमयुक्त जेल बनवले. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळते. उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये छापून आले. मग तीच युक्ती कापडावर आली. ऑक्झाइम सुती धाग्याला रासायनिक बंधाने जखडले, म्हणजे ते धुण्यात निघून जात नाही. तुषार कापडावर पडला की विषाचा रेणू तिथेच मोडतो. हे कापड आडभिंत नाही, ते चक्क रासायनिक क्रिया करते. त्यामुळे ते हवा खेळू देणारे सुती ठेवता आले, आणि मला या शोधातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. सेपिओ हेल्थ या कंपनीबरोबर तयार केलेला ‘किसान कवच’ हा पोशाख डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते दिल्लीत सादर झाला. वर्षभर धुऊन वापरता येतो, तेव्हा किंमत होती चार हजार रुपये.

कवचालाही मर्यादा आहेत. ऑक्झाइमचे वैर मुळात ऑर्गॅनोफॉस्फेटशी. यवतमाळ प्रकरणात ज्याचे नाव गाजले त्या डायफेन्थ्युरॉनची रचना आणि काम करण्याची रीत वेगळी आहे, तेव्हा प्रत्येक बाटलीवर हे कापड सारखेच चालेल असे धरून चालणे धोक्याचे. शेतकरी तर दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळतो.

पण खरी अडचण त्या चार हजारांत आहे. फवारणीचे काम अनेक ठिकाणी पंपामागे पैसे ठरवून मजुराकडून करून घेतले जाते. पंप मालकाचा, पीक मालकाचे, अंग तेवढे मजुराचे. पोशाख विकत घेण्याची ऐपत ज्याची आहे त्याला तो घालायचा नाही, आणि ज्याला घालायचा आहे त्याची ऐपत नाही. उत्पन्न वाढवणाऱ्या यंत्राचे तसे नसते. ते दोन हंगामांत स्वतःची किंमत वसूल करून दाखवते. सुरक्षेचे उपकरण यशस्वी झाले म्हणजे काहीच घडले नाही, आणि काहीच न घडल्याची पावती कुठल्या दुकानात मिळते? शेती, जंगल आणि मासेमारीतल्या सुरक्षेवर डोके चालवणारा संशोधक अडतो तो इथे. कल्पनेची टंचाई फारशी नसते, गिऱ्हाईकाची असते.

मळणी यंत्राचे पाहा. हरितक्रांतीनंतर गव्हाच्या पट्ट्यात ही यंत्रे झपाट्याने आली आणि पेंढ्या आत सारताना हात तुटू लागले. उपाय कुठल्याही लोहाराला जमेल असा होता: पेंढी सरकवायची पन्हळ सुमारे 90 सेंटिमीटर लांब करायची आणि ड्रमकडचा निम्मा भाग वरून झाकायचा, म्हणजे हात दातऱ्यांपर्यंत पोचतच नाही. पण ज्या कारागिराने ती बसवली त्याचे यंत्र शेजारच्यापेक्षा महाग पडले. अखेर 1983 मध्ये धोकादायक यंत्रांविषयी केंद्रीय कायदाच करावा लागला. दिल्ली आयआयटीतल्या दिनेश मोहन यांच्या गटाने उत्तर भारतातल्या खेड्यांत शेतीतल्या जखमांचा शोध घेतला तेव्हा कडबाकुट्टी यंत्राच्या जखमींमध्ये मुले बरीच सापडली. यंत्र अंगणात उभे असते, मुले त्याचे चाक फिरवत खेळतात. गटाने सुचवलेल्या सुधारणा साध्या होत्या, चाक अडकवून ठेवायची खीळ, पात्याला आवरण. त्यांत पेटंट घेऊन श्रीमंत व्हावे असे काहीच नव्हते, आणि अशा शोधांचे पालकत्व कुणी घेत नाही ते त्याचमुळे.

पालकत्व घेतले तर काय होते त्याचेही दाखले आहेत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर लॉब्स्टर पकडणारे मच्छीमार लाइफ जॅकेट घालत नसत. ते कामात अडकते, दोरीत गुंतते असे त्यांचे म्हणणे. हेच गाऱ्हाणे आपल्या कोकणातल्या कोळ्यांकडूनही ऐकू येते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेती, वनकाम आणि मासेमारी सुरक्षा केंद्राने उपदेश करण्याऐवजी 181 मच्छीमारांना नऊ प्रकारची जॅकेटे वाटली आणि महिनाभर घालून बघा म्हणाले. कुठे काचते, कुठे घाण साचते हे मच्छीमारांनीच सांगितले. मग पसंतीला उतरलेले प्रकार व्हॅनमध्ये भरून 2019 मध्ये मेन आणि मॅसॅच्युसेट्सच्या बंदराबंदरांवर सवलतीत विकले. हजारावर जॅकेटे खपली. जॅकेट बनवणाऱ्या एकट्यादुकट्या संशोधकाला ही चाचणी कधीच परवडली नसती.

आपल्याकडे माडावर चढायचे यंत्र हे अशा पालकत्वाचे ठळक उदाहरण. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या एम. जे. जोसेफ यांनी पायांनी चालवायचे, माडाला कवटाळत वर सरकणारे यंत्र बनवले. गोव्यातल्या पाडेल्याला किंवा कोकणातल्या पाडेकऱ्याला विचारा, माडावरून पडणे म्हणजे बहुधा कायमचे अपंगत्व. 2000 साली स्थापन झालेल्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने जोसेफ यांच्यासारख्या लोकसंशोधकांना पेटंट, चाचण्या, परवाने यांत मदत केली, आणि 2003 मध्ये सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या बँकेच्या साहाय्याने तारण न मागता भांडवल देणारा निधीही उभा केला. पण माडाचे यंत्र गावोगाव पोचले ते 2011 मध्ये नारळ विकास मंडळाने ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ ही प्रशिक्षण योजना काढली तेव्हा. शिकणाऱ्याच्या हातात यंत्र आणि नावावर विमा, दोन्ही दिले. पारंपरिक धंद्यात नसलेली तरुण मुले, स्त्रियाही, त्यातून माडावर चढू लागल्या. इथे सुरक्षेने रोजगार वाढवला, आणि सुरक्षेला गिऱ्हाईक मिळवून द्यायचा हा हुकमी मार्ग आहे. कीटकनाशकाच्या बाबतीत तो मिळत नाही.

तिथे उरतो सक्ती आणि पैसा यांचा जोड. ट्रॅक्टर उलटला तर चालकाभोवती पोकळी राखणारी पोलादी चौकट स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची केली. पुढे जुन्यांनाही ती लागली. तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू दर लाख ट्रॅक्टरांमागे वर्षाला 12 होते, ते तीन दशकांत 0.2 वर आले. न्यूयॉर्क राज्यात जुन्या ट्रॅक्टरवाल्यांवर सक्ती करणे जमेना, तेव्हा 2006 पासून चौकटीच्या खर्चातला 70 टक्के वाटा परत द्यायला सुरुवात झाली. आपल्या ट्रॅक्टरवर बहुधा छत दिसते, ते उन्हासाठी असते.

‘किसान कवच’साठी नवा कायदा करायचीही गरज नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांचे कलम आहेच. कापड औषध आत झिरपण्याला अटकाव करणारे हवे आणि धुता येणारे हवे, असे ते सांगते. पन्नासहून अधिक वर्षे हे वर्णन कागदावर होते, आता त्यात बसणारे, उन्हात घालवेल असे कापड तयार झाले आहे. आणखी प्रयोग विदर्भाच्या शेतात, मजुरांच्या अंगावर, मिसळलेल्या औषधांसह व्हायला हवेत, आणि त्या दिवसांची मजुरी त्यांना मिळायला हवी. पोशाखाचे चार हजार कीटकनाशक कंपनी, पंपाचे अनुदान देणारे सरकार आणि शेतमालक यांच्यात कसे वाटायचे, हा हिशेब पुढच्या खरिपाआधी करता येण्याजोगा आहे.