सुपरमार्केट दुसऱ्याच्या मुलखात शिरते तेव्हा मासळीचे काय होते?



मोठ्या दुकानांच्या साखळ्या आता तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत आणि त्यातल्या काहींत मासळीचा काउंटरही असतो. होडीवाले आम्हाला विचारतात, यांना थेट माल द्यावा का? बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायका विचारतात, आमचे गिऱ्हाईक पळणार का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून जिथे हे सगळे घडून गेले आहे, अशा एका किनाऱ्याची हकिकत मांडतो. ती आम्ही मुद्दाम निवडली, कारण तिच्यात एक बाजू सहकारी संस्थेची आहे.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांत आहे. मासे मारणारा आणि मासे खाणारा मुलूख. बेर्मेओ, ओंदारोआ ही तिथली नावाजलेली बंदरे. वसंतात अँचोव्ही (आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला लहान मासा) आणि उन्हाळ्यात बोनितो, म्हणजे आपल्या कुप्याच्या घराण्यातला, असे त्यांचे हंगाम. या प्रांतातली घरची सुपरमार्केट साखळी म्हणजे एरोस्की. 1969 साली लहान लहान ग्राहक सोसायट्या एकत्र येऊन ती उभी राहिली. तिच्या सर्वसाधारण सभेत कामगार सभासद आणि ग्राहक सभासद यांचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे असतात. म्हणजे गल्ल्यावर बसणारी बाईही मालक आणि समोर पिशवी घेऊन उभी असलेलीही मालक.

2014 साली या मुलखात मर्काडोना आली. ही दक्षिण-पूर्वेकडच्या व्हॅलेन्सिया शहरातली खासगी साखळी, रोइग घराण्याची. 1977 साली मांसाच्या धंद्यातून निघाली आणि पुढे स्पेनमधली सर्वांत मोठी झाली. बास्क प्रांतातले तिचे पहिले दुकान व्हिटोरिया शहरात उघडले. मग बिल्बाओच्या बाजूला आणि इतरत्र.

एवढी मोठी साखळी या कोपऱ्यात इतक्या उशिरा का आली असे वाटेल. साखळीचा जीव दुकानात नसतो, गोदामात असतो. एका गोदामातून जेवढी जास्त दुकाने भरता येतील तेवढा गाडीभाड्याचा खर्च दर किलोला कमी पडतो. आपल्या घरच्या भागात आणखी दुकाने उघडली की ती एकमेकांचेच गिऱ्हाईक खातात, म्हणून साखळी दुसऱ्याच्या भागात सरकते. पण तिथे सुरुवातीला चार दुकानांसाठी लांबून ट्रक आणावे लागतात, तोटा होतो. तो सोसायचा आणि दुकाने वाढली की जवळच गोदाम बांधायचे. मर्काडोनाने पुढे व्हिटोरियाला मोठे गोदाम बांधले. आपल्या भागात कोणी नुसते दुकान काढले तर एवढे घाबरायचे कारण नाही. शीतगोदाम बांधायला घेतले तर समजायचे की मंडळी राहायला आली आहेत.

आता एरोस्कीचे काय झाले? बुडाली नाही. बास्क प्रांतात आजही तीच मोठी आहे. दुकाने नव्याने सजवली, आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि लहान उत्पादकांचा माल पुढे मांडला, सभासद कार्डावर सवलती दिल्या. पण तिला खरा घाव पाहुण्याने दिला नव्हता. तो आधीच बसला होता. 2007 साली एरोस्की स्वतःच दुसऱ्याच्या मुलखात गेली होती. कॅटलोनिया प्रांतातली काप्राबो ही साखळी तिने कर्ज काढून विकत घेतली. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली. संस्थेने 2002 ते 2007 या काळात सामान्य लोकांकडून, त्यात कितीतरी म्हातारी माणसे, रोखे विकून 66 कोटी युरो घेतले होते. त्या रोख्यांना परतफेडीची तारीखच नव्हती. लोकांना ती साधी ठेव वाटली होती. पैसे हवे झाले तेव्हा विकत घ्यायला कोणी नाही, किंमत पडलेली, प्रकरण कोर्टात. 2016 मध्ये एरोस्कीने 36 मोठी दुकाने कार्फूरला विकली आणि 2021 मध्ये काप्राबोच्या धंद्यातला निम्मा हिस्सा एका चेक उद्योगसमूहाला दिला. मर्काडोना दारात आली तेव्हा एरोस्कीचे हात असे कर्जात अडकलेले होते. सहकारी असली म्हणून संस्थेला कर्ज माफ नसते, हे आमचे मत.

मासळीकडे येऊ. बास्क बंदरांत मासळी लिलावात विकली जाते. त्या लिलावघराला लोंखा म्हणतात आणि ते बहुतेक ठिकाणी मच्छीमारांची जुनी संघटना, कोफ्रादिया, चालवते. या संघटना कित्येक शतकांच्या आहेत. तिथला लिलाव आपल्यासारखा चढत नाही, उतरतो. भाव वरून सुरू होऊन खाली येत राहतो आणि ज्याने पहिले बटण दाबले त्याचा माल. वजन संघटना करते, हिशोब संघटना ठेवते आणि आपले टक्के कापून होडीला पैसे पोचवते.

ही पद्धत आहे तोवर नवी साखळी येणे होडीवाल्याला वाईट नाही. बटण दाबणारा एक हात वाढतो. घोर तेव्हा लागतो, जेव्हा साखळी लिलाव टाळून ठरलेल्या भावात थेट माल मागते. पहिले काही महिने भाव बरा मिळतो. मग चांगला माल लिलावात येईनासा होतो, बाहेरचे व्यापारी यायचे थांबतात आणि एक दिवस ठरलेला भाव बरा की वाईट हे ताडून बघायला बाजारभावच उरत नाही. आपल्याकडे डिझेलसाठी दलालाकडून उचल घेतलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी अडचण मापाची. साखळीला रोज एका आकाराचा, एका वजनाचा मासा हवा. समुद्र तसा देत नाही. रापणीत आज पेडवे, उद्या बांगडा, परवा नुसते शेवाळ. आणि 1 जून ते 31 जुलै बंदी असते तेव्हा काउंटर रिकामा ठेवायचा नाही म्हणून ते बाहेरचा माल आणणार. ऑगस्टमध्ये आपण परत गेलो की तो पुरवठादार उठून जाईलच असे नाही.

पाटीवाल्या बहिणींसाठीही थोडे. स्पेनमध्ये मासळीची लहान दुकाने कमी होत गेली हे खरे. पण तिथे घरात मासे खाणेही कमी झाले आहे. नव्या पिढीला साफ करायचा कंटाळा. जी टिकली ती कापून, साफ करून, कालवणाचे की तळायचे ते विचारून देणारी. हे काम तुम्ही रोज करताच. त्यात बर्फ आणि स्वच्छ पाणी यांची कसर राहू देऊ नका. 2018 च्या फॉर्मेलिन प्रकरणात गोव्यातल्या गिऱ्हाइकाने एका आठवड्यात मासळीकडे कशी पाठ फिरवली ते आपण पाहिले आहे.

पैशांबद्दल स्पेनचा कायदा कडक आहे. ताज्या, नाशवंत मालाचे पैसे 30 दिवसांच्या आत द्यावेच लागतात. आपण मात्र करारात लिहून घेतले तेवढेच हातात. म्हणून थेट माल देण्याचा कागद समोर आला तर आधी हे बघा: पैसे किती दिवसांत, परत पाठवलेल्या मालाचा तोटा कोणाचा, वजन जेटीवर धरणार की त्यांच्या गोदामात, बंदीच्या काळात कराराचे काय, आणि सगळाच माल त्यांना देण्याची अट आहे का. शेवटची अट असेल तर सही करू नका. पकडीचा काही हिस्सा द्या, बाकी लिलावातच राहू द्या.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेतला आहे. कोणाकडे असा करार किंवा नुसते बोलणे आले असेल तर कागद संस्थेच्या कार्यालयात आणून दाखवा. एकट्याने बोलण्यापेक्षा संस्थेमार्फत बोललो तर भाव आणि मुदत दोन्ही मागता येतील. कागद इंग्रजीत असेल तर तो मराठीत वाचून समजावण्याची सोय आम्ही करू.