कळेची वेस सरकते तेव्हा

पश्चिमोत्तानासनात पायाचे अंगठे धरायला वाकलं, की पहिल्या दिवशी बहुतेकांचे हात नडगीशीच अडतात. मांडीच्या मागून लवणीपर्यंत अशी कळ जाते की पुढे सरकवत नाही. नेमाने काही आठवडे केलं की अंगठे हाती लागतात. कसे लागले, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: शिरा मोकळ्या झाल्या, स्नायू लांबले.

पीटर मॅग्नुसन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी १९९६ साली हेच उत्तर तपासून पाहिलं. प्रयोग अगदी साधा होता. ७ जणांनी २० दिवस, दिवसातून दोनदा, एकाच पायाच्या मांडीमागचे स्नायू ताणायचे. दुसरा पाय तसाच ठेवायचा. आधी आणि नंतर माणसाला यंत्रावर बसवून गुडघा अगदी हळू सरळ करत न्यायचा आणि स्नायू किती जोराने विरोध करतो ते मोजायचं. दुखायला लागलं की थांबायचं.

ताणलेला पाय आता जास्त सरळ होत होता, यात नवल नाही. नवल पुढे आहे. गुडघा पूर्वीच्याच कोनात नेला, तर स्नायूचा विरोध पूर्वीइतकाच भरला! स्नायू मऊही झाला नव्हता आणि लांबही झाला नव्हता. बदलली होती ती ‘आता पुरे’ म्हणण्याची जागा. आधी ज्या ओढीला माणूस कळवळत होता, तिच्याहून मोठी ओढ तो आता सोसत होता.

मला हा निकाल विलक्षण वाटतो. स्नायूत आणि कंडरांत ताण मोजणारे चेतातंतू असतात. त्यांचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत जातो, पण त्या निरोपाला ‘दुखणं’ म्हणायचं की नुसती ‘ओढ’, हे मेंदू ठरवतो. रोज तोच ताण आला आणि रोज काहीच इजा झाली नाही, तर मेंदू हळूहळू धोक्याची वेस मागे सरकवतो, असा यातून निघणारा अर्थ मला सर्वांत पटतो. कित्येक महिने ताणत राहिल्यावर स्नायूतही बदल होऊ शकतात, पण पहिल्या काही आठवड्यांचं श्रेय बरंचसं चेतासंस्थेचं आहे.

आता उंदरांकडे वळू. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठात एलेन लाँजव्हँ यांच्या गटाने उंदरांच्या कमरेत सूज आणणारं द्रव्य टोचलं. मग शेपटीला धरून उंदराचं मागचं अंग अलगद उचलायचं. तो पुढच्या पंजांनी टेबलाची कड घट्ट धरतो आणि आपोआपच लांबलचक ताणला जातो. १० मिनिटं, दिवसातून दोनदा, १२ दिवस. या उंदरांची चाल सुधारली, कमरेला स्पर्श केल्यावर होणारी वेदना कमी झाली आणि तिथली सूजही उतरली. म्हणजे ताणाचा परिणाम मेंदूपुरताच नाही, दुखऱ्या जागेच्या ऊतींवरही होतो. अर्थात उंदरांवरून माणसांबद्दल लगेच छातीठोकपणे बोलू नये.

माणसांविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उत्तर अमेरिकेतले अनुभवी योगाभ्यासी गार पाण्याची वेदना इतरांच्या दुपटीहून जास्त वेळ सहन करू शकले. मेंदूच्या ‘इन्सुला’ या भागात त्यांचं करडं द्रव्यही जास्त होतं. पण योगात श्वास आहे, एकाग्रता आहे. सगळं श्रेय आसनांतल्या ताणाला देता येणार नाही.

एक समज मात्र सोडून द्यायला हवा. पळून आल्यावर पाय ताणले की दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, असं पुष्कळजण मानतात. २०११ सालच्या कॉक्रेन आढाव्यात असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा १०० गुणांच्या मोजपट्टीवर फरक निघाला सरासरी सुमारे १ गुणाचा. हा फरक जाणवतसुद्धा नाही.

तेव्हा ताण द्याल तो रोज द्या आणि बेताने द्या. ओढ जाणवेल पण श्वास अडकणार नाही, इतपतच. झटके देऊ नका. पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा कळ पावलापर्यंत उतरत असेल, तर ताणणं थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.