उतारावर ई-सायकलचं हँडल थरथरलं तर?



गटाची बैठक, बँकेचं काम, आठवडी बाजार, लेकराची शाळा. कुणाच्या मोटारसायकलची वाट न बघता निघता यावं, म्हणून बॅटरीची सायकल कामाची. पण उतारावर वेग वाढला की कधीकधी हँडल आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागतं. बाई घाबरते, पडते आणि मग सायकल पडवीत उभी राहते. तसं होऊ नये, म्हणून आज यावर बोलू.

हे का होतं? चालत्या सायकलचं पुढचं चाक जरासं वळलं तर ते आपोआप सरळ होऊ पाहतं. पण वेग जास्त असला आणि कुठे काही ढिलं असलं, तर ते सरळ होऊन न थांबता दुसऱ्या बाजूला जातं, तिथून पुन्हा परत येतं. पाळण्याला वेळेवर हात लावत राहिलं की झोका वाढतो, तसंच हे. लेडीज सायकलला वरचा आडवा डांडा नसतो, त्यामुळे तिचा सांगाडा जास्त लवतो. त्यात मागे कॅरिअरवर बॅटरी आणि वर तांदळाचं पोतं असलं, तर थरथर आणखी वाढते.

नियमानुसार मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग तासाला २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर अशा सायकलला नोंदणी आणि लायसन लागत नाही. पण ही मर्यादा मोटरची आहे. देवरी किंवा दरेकसाकडच्या उतारावर मोटर थांबली तरी सायकल थांबत नाही, वेग वाढतच जातो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा.

तरीही हँडल थरथरलंच, तर काय करायचं? आपला हात आपोआप हँडल आवळतो आणि ब्रेक कचकन दाबतो. नेमकं हेच करायचं नाही. आवळलेल्या हातांनी थरथर वाढू शकते, आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला तर तोल जातो.

१. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, पेडल मारणं थांबवा.
२. हँडल धरून ठेवा, पण कोपरं सैल ठेवा.
३. दोन्ही पेडल सारख्या उंचीवर आणा, पायांवर भार द्या, सीटवरून किंचित उठा.
४. दोन्ही मांड्यांनी सीटचा पुढचा भाग दाबून धरा. डांडा असेल तर गुडघे डांड्याला टेकवा.
५. मागचा ब्रेक हळूहळू दाबा. कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा, हे घरीच बघून ठेवा.

वेग उतरला की थरथर थांबते. पण त्याच दिवशी सायकल तपासा, कारण दोष तिथेच राहिलेला असतो.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला. हँडलच्या बुडाशी खटखट वाजलं, तर ते ढिलं आहे. पुढचं चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबराजवळून ते डुलत जात असेल, तर दुकानात रिंगची आउट काढून घ्या. चाक हातात धरून बाजूला हलवून बघा, हललं तर एक्सल ढिला आहे. मोटर पुढच्या चाकात असेल, तर त्याचे नट खास घट्ट हवेत. टायरच्या कडेवर लिहिलेली असते तेवढीच हवा भरा. बॅटरी आणि कॅरिअरचे नट आवळा.

ओझं खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधा. हँडलला पिशवी लटकवू नका. उतारावर मूल मागे बसलेलं असेल, तर वेग आणखी कमी ठेवा, किंवा उतरून सायकल हातात धरून चाला. त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या बैठकीला येताना सायकली घेऊन या. ही तपासणी सगळ्या मिळून केली, तर दहा मिनिटांचं काम आहे. सायकल आपली आहे, तिची वाट आपल्याच हातात राहू द्या.