बंद पडलेला मॉनिटर आणि फुगलेले कपॅसिटर



आमच्या शाळेत दोन जुने एलसीडी मॉनिटर आहेत. त्यातला एक गेल्या वर्षीच बंद पडून कपाटावर गेला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्यानेही मान टाकली. बटण दाबलं की हिरवा दिवा लुकलुकायचा, चित्र क्षणभर दिसायचं आणि काळोख. चौथीची मुलं भोवती जमली. एकाने विचारलं, "बाई, ह्यो मेला का?"

मी म्हटलं, "मेला म्हणजे नक्की काय झालं ते बघूया." खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं. नवीन मॉनिटर कधी मिळेल याचा भरवसा नाही आणि मुलांचे ई-लर्निंगचे तास तर बुडत होते. म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घेतली (वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला असते, मनाने उघडायची नाही) आणि दोन्ही मॉनिटर गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. तिथे जे शिकले ते आज लिहिते.

कपॅसिटर म्हणजे काय?

मराठीत याला धारित्र म्हणतात, पण दुकानात कपॅसिटरच मागावा लागतो. आपल्या घरावरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी थांबून थांबून येतं, पण टाकीमुळे घरात धार एकसारखी मिळते. कपॅसिटर विजेच्या बाबतीत हेच काम करतो. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो. मॉनिटरला मात्र ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असा कमी दाबाचा, एका दिशेचा आणि न थरथरणारा प्रवाह हवा असतो. आतलं पॉवर सप्लायचं कार्ड हा बदल करतं आणि शेवटची थरथर कपॅसिटर शोषून घेतात.

त्याची रचना सुरळीच्या वडीसारखी असते. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये एका द्रवात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून छोट्या डब्यात बंद. या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात.

तो बिघडतो का?

मुख्य शत्रू उष्णता. मॉनिटरच्या बंद खोक्यात वर्षानुवर्षे गरम होऊन द्रव हळूहळू आटतो किंवा आत वायू तयार होतो. त्या दाबाने डब्याचं सपाट डोकं फुगतं. डोक्यावर मुद्दाम फुलीसारखी खाच पाडलेली असते, म्हणजे दाब वाढला तर डबा फुटण्याऐवजी तिथून उघडतो. कधी तिथे तपकिरी चिकट डागही दिसतो.

शिवाय २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कपॅसिटर जगभर मोठ्या प्रमाणात वापरले गेले. त्या काळातले अनेक मॉनिटर आणि संगणक याच कारणाने लवकर बंद पडले. म्हणजे पडदा ठणठणीत, पण काही रुपयांचा एक भाग गेल्यामुळे सगळी वस्तू भंगारात!

उघडण्याआधी काय तपासायचं?

१. दुसरी वायर आणि दुसरा सॉकेट वापरून पाहा. निम्मे "बिघाड" इथेच संपतात.

२. दिवा लुकलुकणे, मॉनिटर सुरू व्हायला खूप वेळ लागणे, चित्र येऊन लगेच जाणे ही कपॅसिटर बिघडल्याची नेहमीची लक्षणं.

३. पडदा काळा असताना त्यावर तिरका टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर पडदा चालू आहे, मागचा प्रकाश गेला आहे. यातही दोष कधी कपॅसिटरचा असतो, तर कधी आतल्या ट्यूबचा.

सर्वात महत्त्वाचं: धोका

प्लग काढला म्हणजे वीज गेली असं आपण मुलांना सांगतो. इथे ते खरं नाही. पॉवर कार्डावर एक मोठा कपॅसिटर असतो. त्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. टाकी भरलेली असताना मोटर बंद केली तरी पाणी असतंच ना, तसं. हा झटका जीवघेणा ठरू शकतो. मी स्क्रू काढून झाल्यावर कार्डाला हात लावायला गेले, तर काकांनी हात मागे ओढला. म्हणाले, "मॅडम, थांबा. आधी ह्याला रिकामा करू द्या." त्यांनी मल्टिमीटर लावून दाखवला, तो कपॅसिटर सुरक्षित रीतीने रिकामा केला, पुन्हा मोजला आणि मगच कार्ड माझ्या हातात दिलं.

म्हणून स्पष्ट लिहिते. ज्यांना हे काम येत नाही त्यांनी मॉनिटर घरी उघडू नये. लक्षणं ओळखा, माणूस गाठा, शेजारी बसून शिका. आणि मुलांसमोर उघडं कार्ड कधीही वीज चालू करून दाखवू नका.

प्रत्यक्ष दुरुस्ती

मऊ कापडावर पडदा पालथा ठेवला. स्टँडचे स्क्रू काढले. कडेच्या प्लॅस्टिकच्या खाचा जुन्या एटीएम कार्डाने सोडवल्या. प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. कार्डावर चार कपॅसिटरची डोकी फुगलेली होती.

नवीन घेताना पाहायच्या गोष्टी:

• मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा.
• व्होल्टचा आकडा तोच किंवा थोडा जास्त चालेल, कमी अजिबात नाही.
• उंची आणि जाडी जागेत बसेल अशी.
• १०५ अंशांचाच, आणि पॉवर सप्लायसाठीचा, म्हणजे 'लो ईएसआर' प्रकारचा.

शेवटच्या मुद्द्यावर मी फसले. पहिल्यांदा ८५ अंशांचे घेऊन आले, काकांनी परत पाठवलं. कारण त्यांनी गणितात सांगितलं. तापमान १० अंशांनी कमी असेल तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. समजा दोघांवरही २००० तास लिहिले आहेत आणि खोक्यात ६५ अंश आहेत. ८५ वाल्याचे दोन टप्पे, म्हणजे सुमारे ८,००० तास. १०५ वाल्याचे चार टप्पे, म्हणजे सुमारे ३२,००० तास. किमतीत फरक दोन-तीन रुपयांचा!

जुने कपॅसिटर सोल्डरिंग गनने तापवून काढले. नवीन बसवताना दिशा सांभाळायची. डब्यावरची पट्टी म्हणजे ऋण बाजू, लांब पाय म्हणजे धन. उलटा बसला तर तो फुटू शकतो. इथे आधी काढलेले फोटो कामी आले. चारपैकी दोन मी स्वतः बसवले. काकांनी तपासले, मग प्लग लावला. पडदा उजळला! चार कपॅसिटरचे मिळून ६० रुपये झाले, आणि काकांनी शाळेचं काम म्हणून मजुरी घेतली नाही.

कपाटावरचा दुसरा मॉनिटर मात्र वाचला नाही. त्याचे कपॅसिटर चांगले होते, ट्यूब गेली होती. अशा ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे तो फोडून कचऱ्यात टाकायचा नाही. रीतसर निर्लेखन करून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचा.

वर्गात काय घेता येईल?

प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाशी बारीक छिद्र पाडा. एका मुलाने वरून पेल्याने थांबून थांबून पाणी ओतायचं. खालची धार तुटत नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. आता बाटलीत खडे भरून तेच करा. पाणी मावत नाही, धार तुटू लागते. हाच आमचा बिघडलेला कपॅसिटर. काढलेले चार फुगलेले कपॅसिटर मी काचेच्या बाटलीत बंद करून वर्गात ठेवलेत. नवीन आणि जुना शेजारी ठेवला की फरक मुलंच सांगतात.

तो "मेला का" विचारणारा मुलगा दुसऱ्या दिवशी घरचा बंद रेडिओ पिशवीत घेऊन आला. मी तो उघडला नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याच्या वडिलांना सोबत घेऊन काकांकडे जायचं ठरलंय.

तुमच्या शाळेतही कपाटावर असा एखादा मॉनिटर असेल. निर्लेखनाच्या यादीत नाव घालण्याआधी एकदा जाणकाराला दाखवा.