बैल वाट ओळखतो, ट्रॅक्टर ओळखत नाही



गळीत हंगाम लागला की माकणी, सास्तूर, लोहारा या बाजूचे रस्ते रात्रंदिवस उसाच्या वाहनांनी भरून जातात. बेणे, खते, पाणी यांविषयी मी नेहमीच सांगतो. आज वाहन चालवणाऱ्याच्या ध्यानाविषयी सांगायचे आहे.

बैलगाडीचा गाडीवान पहाटे खुशाल डुलकी घेतो. बैल वाटेचे माहीतगार. खड्डा दिसला की बाजूला होतात, थकले की थांबतात. गाडीवान झोपला तरी दोन जीव जागे असतात. ट्रॅक्टरला मात्र डोके एकच, ड्रायव्हरचे. ते मोबाईलमध्ये गेले की ट्रॅक्टर बेवारस.

साधा हिशेब करू. ताशी २० किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला साडेपाच मीटर जातो. कुणाचा फोन आहे हे बघण्यात ३ सेकंद गेले, तर पन्नासेक फूट रस्ता डोळे मिटून कापल्यासारखाच. मागे दोन ट्रॉल्यांत वीसेक टन ऊस. ब्रेक दाबला तरी तो बोजा पुढे रेटतोच. ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल तेवढ्याच वेळात ४० मीटरच्या पुढे जाते. आपली पोरे तर फोन खांद्याला लावून, मान वाकडी करून चालवतात.

कुणी म्हणेल, मी कानात वायर घालतो, हात मोकळे असतात. पण हात मोकळे असले तरी मन बोलण्यात गुंतलेले असते. समोर डोळे असूनही दिसत नाही. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या आवाजात गाणी लावली, तर मागच्याचा हॉर्नही ऐकू येत नाही.

आता माझीच चूक सांगतो. एका हंगामात काट्यावर वाहने कमी पडली म्हणून मी एका ड्रायव्हरला फोन लावला, "कुठवर आलास रे?" तो "आलोच साहेब" म्हणतो न म्हणतो तोच पलीकडून आरडाओरड ऐकू आली. वळणावर मागची ट्रॉली चारीत कलंडली होती. माणसे वाचली, ऊस सांडला. फोन त्याने घेतला हे खरे, पण केला होता मी.

तुम्हीही तेच करता. "खेप निघाली का? वजन किती भरलं?" असे फोन सभासद, मुकादम आणि आम्ही शेतकी खात्यातलेच करतो. साहेबाचा किंवा मालकाचा फोन न घेण्याची त्या पोराची छाती होत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चालवताना हातात फोन वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोडते. पहिल्याच गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही. पण दंड भरता येतो, गेलेला माणूस परत येत नाही.

म्हणून एवढे करा :

१) खेप रस्त्यावर असताना ड्रायव्हरला फोन करू नका. वजनाची पावती काट्यावर मिळतेच.

२) फार निकड असेल तर सोबतच्या माणसाला फोन करा.

३) ड्रायव्हरने फोन घेतलाच, तर पहिला शब्द "गाडी कडेला घे" हा असू द्या.

ऊस तासभर उशिरा आला तर थोडा वाळेल. त्याचे नुकसान सोसता येते.

— ऊस विकास अधिकारी