‘जस्ट’ नेमका कुणाचा?

‘शी हॅड जस्ट लेफ्ट व्हेन आय अराइव्ह्ड’ आणि ‘शी लेफ्ट जस्ट व्हेन आय अराइव्ह्ड’. दोन्ही वाक्यांतले शब्द जवळजवळ तेच आहेत, पण घटना वेगळ्या आहेत. पहिल्या वाक्यात भेट हुकली. पाहुणा पोहोचला तेव्हा ती नुकतीच गेली होती. दुसऱ्यात पाहुणा पोहोचला नेमक्या त्याच क्षणी ती निघाली, म्हणजे दोघांची दारात गाठ पडलीही असेल. पहिल्या वाक्यात ‘जस्ट’ क्रियापदाला चिकटला आहे, तर दुसऱ्यात ‘व्हेन’पासून सुरू होणाऱ्या कालवाक्याला. मराठीत या दोन कामांसाठी ‘नुकतीच’ आणि ‘नेमक्या’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि तो कुठे बसला आहे यावरून अर्थ ठरतो.

कालवाक्याच्या आधी येणारे इंग्रजी क्रियाविशेषण वाचताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा लागतो : हा शब्द कुणाचा? उत्तरे तीन संभवतात. तो मुख्य क्रियापदाचा असेल, कालवाक्याचा असेल, किंवा दोन्ही वाक्यांना बांधणाऱ्या जोडीतला अर्धा भाग असेल.

कालवाक्याच्या मालकीचे शब्द सगळ्यात सरळ वागतात. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांच्या आधी अंतर मोजणारे शब्द येतात : ‘लाँग बिफोर’, ‘शॉर्टली आफ्टर’, ‘टेन मिनिट्स बिफोर’. ‘शी लेफ्ट टेन मिनिट्स बिफोर ही केम’ यातली दहा मिनिटे जाण्याच्या क्रियेला लागलेली नाहीत. तिचे जाणे आणि त्याचे येणे यांच्यामधले ते अंतर आहे. याची खूण मराठीतच सापडते. ‘तो येण्याच्या दहा मिनिटं आधी ती गेली’ असे आपण म्हणतो. शब्दांचा क्रम इंग्रजीच्या जवळजवळ उलटा आहे, तरी दोन्ही भाषांत ‘दहा मिनिटं’ आणि ‘आधी’ एकमेकांना बिलगूनच राहतात. ‘नंतर’ आला की मात्र मराठी आपली चाल बदलते : ‘तो आल्यानंतर दहा मिनिटांनी’. इंग्रजीत ‘टेन मिनिट्स आफ्टर ही केम’ असा जुनाच साचा कायम राहतो.

मराठी विद्यार्थ्याची एक नेहमीची चूक याच ठिकाणी होते. ‘दोन दिवसांपूर्वी’ हे डोक्यात ठेवून तो ‘आय केम बिफोर टू डेज’ म्हणतो. बोलण्याच्या क्षणापासून मागे मोजायचे असेल तर इंग्रजीला ‘टू डेज अगो’ हवे असते. दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजायचे असेल तेव्हा ‘टू डेज बिफोर’ येते, आणि तिथेही मोजमाप पुढे, ‘बिफोर’ मागे.

कुठला मापशब्द कुणाबरोबर चालतो, हेही ठरलेले असते. ‘सून आफ्टर’ सर्रास चालते; ‘सून बिफोर’ इंग्रजी कानाला खटकते आणि तिथे ‘शॉर्टली बिफोर’ किंवा ‘जस्ट बिफोर’ येते. ‘सून’ एका क्षणापासून पुढे बघतो आणि ‘बिफोर’ मागे, म्हणून त्यांचे जमत नाही. ‘लाँग’ला दिशा नसते, त्यामुळे तो दोन्हीकडे रमतो. ‘एव्हर’ची सोयरीक ‘सिन्स’शी आहे.

हा ‘एव्हर सिन्स’ मुख्य क्रियापदाच्या काळावरही हक्क सांगतो. ‘लग्न झाल्यापासून ती नागपुरात राहते’ यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजी मात्र ‘शी हॅज लिव्ह्ड इन नागपूर एव्हर सिन्स शी गॉट मॅरिड’ असा पूर्ण वर्तमानकाळ मागते, कारण भूतकाळातल्या एका क्षणापासून आजपर्यंतचा सगळा पल्ला तिला क्रियापदात दाखवायचा असतो. मराठी माणसाच्या तोंडी ‘शी लिव्ह्ज हिअर सिन्स…’ येते ते मराठीच्या या सवयीमुळे.

‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’ यांना नाव काय द्यायचे, यावर व्याकरणकारांचे एकमत नाही. शाळेत शिकवतात त्यानुसार ‘बिफोर डिनर’मधला ‘बिफोर’ शब्दयोगी अव्यय आणि ‘बिफोर ही केम’मधला उभयान्वयी. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1924 सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये ही फाळणी नाकारली. शब्द तोच, फक्त एकदा त्याच्यापुढे नाम येते आणि एकदा वाक्य, असे त्यांचे म्हणणे. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या 2002 सालच्या ‘केंब्रिज ग्रामर’ने हाच मार्ग धरला. शब्दयोगी ओळखण्याची त्यांची एक कसोटी म्हणजे ‘राइट’ हे क्रियाविशेषण लावून पाहणे. ‘राइट आफ्टर डिनर’ चालते, ‘राइट आफ्टर ही लेफ्ट’ही चालते, मग दोन्हीकडचा ‘आफ्टर’ एकाच जातीचा मानायला हवा. ‘आधी’ एकटा आला की क्रियाविशेषण आणि दुसऱ्या शब्दाला जोडून आला की शब्दयोगी, हे मराठी व्याकरणात शिकलेल्या वाचकाला हा वाद परका वाटणार नाही.

आता जोडीतल्या शब्दांकडे वळू. ‘हार्डली… व्हेन’, ‘बेअरली… व्हेन’, ‘स्केअर्सली… व्हेन’ आणि ‘नो सूनर… दॅन’. महाराष्ट्रात दहावीला बसलेल्या जवळपास प्रत्येकाला यातली शेवटची जोडी पाठ असते, कारण ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ काढून ‘नो सूनर’ घालण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवला गेला आहे. मुले तो यंत्रासारखा सोडवतात आणि गुणही मिळवतात. पण ‘दॅन’ का आणि ‘व्हेन’ का नाही, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. कारण तर अगदी सोपे आहे. ‘सूनर’ हे ‘सून’चे तुलनारूप आहे, आणि ‘बिगर’, ‘टॉलर’ यांच्यामागे ‘दॅन’ येतो तसा तो ‘सूनर’मागेही येतो. पहिली गोष्ट दुसरीपेक्षा मुळीच आधी घडली नाही, असा त्या रचनेचा शब्दशः अर्थ आहे. ‘हार्डली’त तुलना नाही, म्हणून त्याला ‘व्हेन’ लागतो. दोन्ही साच्यांची सरमिसळ होऊन ‘हार्डली… दॅन’ही ऐकू येते, पण काटेकोर लेखक ते टाळतात.

या जोड्या वाक्याच्या सुरुवातीला आल्या की कर्ता आणि सहायक क्रियापद जागा बदलतात : ‘हार्डली हॅड शी सॅट डाउन व्हेन द फोन रँग’. नकारार्थी शब्द पुढे आला की क्रियापद त्याच्या मागोमाग येते. क्रियापदाला वाक्यात दुसऱ्या जागी बसवण्याची जर्मानिक भाषांची जुनी रीत इंग्रजीत अशा ठिकाणी टिकून राहिली आहे. जर्मनमध्ये ती आजही रोजचीच आहे. ‘ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड शी स्पीक’ यातही तेच घडते, आणि उलटापालट मुख्य वाक्यात होते, कालवाक्यात नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

‘हार्डली’च्या वाक्यात आणखी एक मौज आहे. वरवर पाहता ‘व्हेन द फोन रँग’ हे गौण वाक्य, पण खरी बातमी त्यातच असते. बसणे ही पार्श्वभूमी, फोन वाजणे ही घटना. लॅटिनच्या व्याकरणात अशा रचनेला ‘कुम इन्व्हर्सम’ म्हणजे उलटा ‘जेव्हा’ असे नावच आहे. मराठी इथे ‘जेव्हा’च्या वाटेला जात नाही, ‘ती जेमतेम बसली, तोच फोन वाजला’ असे म्हणून दोन्ही वाक्यांना बरोबरीचा मान देते. म्हणून ‘हार्डली… व्हेन’ला ‘जेव्हा… तेव्हा’ने मराठीत आणले की वाक्य लंगडते, ‘तोच’ किंवा ‘इतक्यात’ आले की पुन्हा उभे राहते.

शब्द कुणाचा, हे ओळखायची साधी कसोटी म्हणजे कालवाक्य उचलून पुढे ठेवणे. ‘शॉर्टली आफ्टर ही रिटायर्ड, ही मूव्ह्ड टू गोवा’ यात ‘शॉर्टली’ कालवाक्याबरोबर पुढे आला, म्हणजे तो त्याचाच. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, शी हॅड जस्ट लेफ्ट’ यात ‘जस्ट’ मागे राहिला, म्हणजे तो क्रियापदाचा. ‘हार्डली’च्या वाक्यात ‘व्हेन’चा भाग पुढे नेला की एकामागून एक कोसळणाऱ्या घटनांचा परिणामच विरून जातो, जोडी तोडता येत नाही ती अशी.

‘ओन्ली’ या कसोटीला जरा दाद देत नाही. ‘ही ओन्ली स्पीक्स व्हेन ही इज आस्क्ड’ यात तो क्रियापदाशेजारी बसतो, पण अर्थाने असतो कालवाक्याचा : विचारले तरच बोलतो. काही शुद्धतावाद्यांना ‘स्पीक्स ओन्ली व्हेन’ हीच जागा हवी असते. हेन्री फाउलर यांनी 1926 च्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये अर्थाचा घोटाळा होत नसेल तिथे नेहमीच्या जागेची बाजू घेतली. बोलताना आवाजाचा जोर मालक दाखवतो. लिहिताना तो आधार नसतो, म्हणून करार आणि नियमावली लिहिणाऱ्यांनी ‘ओन्ली’ कालवाक्याला खेटून ठेवणेच बरे.

काही क्रियाविशेषणांनी तर कालवाक्याचा दरवाजा स्वतःच उघडला. ब्रिटिश इंग्रजीत ‘इमिजिएटली ही अराइव्ह्ड, द मीटिंग बिगॅन’ असे वाक्य चालते. त्यात ‘इमिजिएटली’ म्हणजेच ‘येताच’, आणि ‘आफ्टर’ची गरज उरत नाही. ‘डायरेक्टली’ही ब्रिटनमध्ये असा वापरला जातो. अमेरिकन इंग्रजीत हा वापर रुळलेला नाही. तिथे ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ किंवा ‘राइट आफ्टर’ येते. जुन्या ब्रिटिश कादंबऱ्या वाचणाऱ्या मराठी वाचकाला असे वाक्य भेटले तर त्यात काही गळले आहे असे समजू नये. तिथे मापशब्दानेच जोडशब्दाची जागा घेतलेली असते.